गिगाहर्ट्झचा न छापलेला आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ जवळ आली की संगणकांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. गिगाहर्ट्झचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा, आकडा टपोरा छापलेला असतो. निविदांतही बहुधा तोच मागतात. प्रोसेसर जड गणिताला जुंपला की तो आकडा टिकेलच असं नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

फोंड्यात मी संगणक जोडणी-दुरुस्तीचं काम करतो. इमारतींच्या आराखड्यांची गणितं करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने जुना सर्व्हर आणला: इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर झिऑन सिल्व्हर ४११६, १२ कोर (गणित करणारे स्वतंत्र भाग), २.१ गिगाहर्ट्झ. तक्रार एकच, हिशेब लावला की मशीन ढेपाळतं. पंखे साफ, थर्मल पेस्ट नवी, तापमान आटोक्यात. तरी स्क्रीनवर बाराही कोर १.४ वर. बिघाड काहीच नव्हता. त्या चिपची रचनाच तशी आहे.

जड गणितासाठी या चिपमध्ये एव्हीएक्स-५१२ नावाच्या खास सूचना (इन्स्ट्रक्शन्स) असतात; त्यांतली एक सूचना ३२ बिटांच्या १६ संख्या एकदम हाताळते. एवढी रुंद सर्किटं एकाच वेळी चालू झाली की वीज जास्त ओढली जाते. तोच वेग राखायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने चढतो. म्हणून चिप आपणच वेग उतरवते. २०१७ च्या झिऑन प्लॅटिनम ८१८० चा मूळ वेग २.५, एव्हीएक्स-२ (आधीच्या, कमी रुंदीच्या सूचना) साठी २.१ आणि एव्हीएक्स-५१२ साठी १.७. हे इंटेलच्याच तांत्रिक तक्त्यात आहे, दुकानातल्या कोटेशनमध्ये नाही.

या पिढीत आणखी एक खोच आहे. जड सूचना संपल्यावरही कोर साधारण दोन मिलिसेकंद खालच्याच वेगात राहतो. म्हणजे अधूनमधून थोडंसंच जड काम आलं, तरी त्याच कोरवरचं साधं कामही रखडतं. सलग गणित असेल तर वेग उतरूनही फायदा होऊ शकतो, हेही खरं.

पुढच्या पिढ्यांत ही घसरण बरीच कमी झाली. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीने २०२२ च्या झेन ४ प्रोसेसरांमध्ये ५१२ बिटांचं काम २५६ बिटांच्या सर्किटांतूनच दोन टप्प्यांत काढलं. पण वापरलेले जुने झिऑन स्वस्तात मिळतात आणि लोक ते घेतात.

सरकारी खात्यांनी आणि महाविद्यालयांनी निविदेत तिन्ही वेग (मूळ, एव्हीएक्स-२ आणि एव्हीएक्स-५१२) मागावेत, तेही सगळे कोर चालू असतानाचे. खासगी गिऱ्हाइकाने पैसे मोजण्याआधी आपलंच सॉफ्टवेअर अर्धा तास चालवून बघावं. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठावं.

आपला,
एक वाचक, फोंडा