काठी उजव्या हातात धरा, बाबा

रविवार, रात्री उशिरा

ती. बाबांना सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवलंत. जखम सुकली आहे, गुडघा छान वाकतोय, चेहऱ्यावरचा ताणही गेलाय. पाहून फार बरं वाटलं. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं आणि काठीही डाव्याच हातात! तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

मी इथे नक्की काय करते, असं तुम्ही नेहमी विचारता. चालताना कृत्रिम सांध्यावर किती भार येतो, ते मोजणारे सेन्सर आम्ही बसवतो आणि तपासतो. सेन्सर म्हणजे नखापेक्षाही लहान पातळ पट्टी, तिच्यावर नागमोडी धातूची रेघ. याला स्ट्रेन गेज म्हणतात. ती सांध्याच्या धातूला चिकटवायची. भार आला की धातू डोळ्यांना दिसणार नाही इतका ताणला किंवा दबला जातो, त्याबरोबर ती रेघही, आणि तिचा विद्युतरोध बदलतो. किती बदलतो म्हणाल तर ३५० ओहमच्या गेजमध्ये जेमतेम अर्धा ओहम. एवढासा फरक पकडायला चार गेज व्हीटस्टन ब्रिज नावाच्या चौकोनी जोडणीत जोडतात. हा ब्रिज तुम्हीच मला दहावीत वहीच्या मागच्या पानावर काढून शिकवला होता. तुम्ही जन्मभर मीटर तपासलेत, त्यामुळे हे काम आपल्या घरात सगळ्यांत जास्त तुम्हालाच कळेल.

मागच्या महिन्यात एका कृत्रिम गुडघ्याने तीन दिवस छळलं. मिठाच्या पाण्यात, ३७ अंशांवर, यंत्रात बसवलेला होता. वर काहीही भार नाही, तरी आकडा हळूहळू सरकत होता. ब्रिज पुन्हा जुळवला, वायरी बदलल्या, फरक पडेना. शेवटी भिंगाखाली पाहिलं तर एका सोल्डरच्या टाक्याजवळ वरचा थर उचलला गेला होता आणि आत ओल शिरली होती. तो थर मीच घाईत दिला होता. माणसाच्या शरीरात असं झालं तर उघडून पाहता येत नाही. म्हणून शरीरात बसवायच्या सांध्यात गेज टायटॅनियमच्या पोकळीत ठेवतात आणि वेल्डिंग करून पोकळी कायमची बंद करतात.

मग आतला आकडा बाहेर येतो कसा? १९६६ साली स्वीडनमध्ये रिडेल नावाच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांच्या खुब्यातल्या कृत्रिम सांध्याची मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हा वायरी त्वचेतून बाहेर काढाव्या लागल्या होत्या. बर्लिनच्या गेऑर्ग बेर्गमान यांच्या गटाने वायरी काढूनच टाकल्या. पायाभोवती तारेचं वेटोळं बांधायचं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून आतल्या सर्किटला वीज मिळते, आणि आतला छोटा ट्रान्समीटर रेडिओने आकडे पाठवतो. आत बॅटरी नाही. वेटोळं सोडलं की सेन्सर गप्प, आणि माणूस आपल्या साध्या सांध्यावर घरी जातो. त्या रुग्णांना स्वतःला यातून काहीच मिळायचं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

त्यांची मोजमापं ऑर्थोलोड नावाने सगळ्यांसाठी खुली आहेत. व्हिडिओत एका बाजूला माणूस जिना उतरताना दिसतो, दुसऱ्या बाजूला भाराची रेघ चढते-उतरते. मी ती कामासाठी कितीदा तरी पाहिली आहे, पण काल रात्री पाहिली तेव्हा जिन्यावर तुम्हीच दिसत होतात.

आता आकडे सांगते, कारण आकड्यांशिवाय तुम्ही ऐकणार नाही. २०१० साली पाच जणांच्या गुडघ्यांची सरासरी आली ती अशी: सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, जिना चढताना ३१६, उतरताना ३४६. तुमचं वजन ७० किलो धरलं तर उतरताना एका गुडघ्यावर २४० किलोच्या आसपास भार. तुम्हाला उतरणं सोपं वाटतं, कारण दम लागत नाही. पण प्रत्येक पायरीला मांडीचा स्नायू शरीराला ब्रेक लावत असतो आणि त्याची सगळी ओढ सांध्यावर येते. आणि खुब्याच्या मोजमापांत नुसता तोल जाऊन सावरताना वजनाच्या सात पटींच्याही वर भार गेलेला आहे. पडणं नाही बाबा, फक्त अडखळणं. म्हणून रात्री उठलात तर दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आता काठी. चालताना उजवा पाय उचलला की सगळं शरीर डाव्या पायावर येतं, आणि वजनाचा मध्य त्या पायाच्या उजवीकडे राहतो. शरीर उजवीकडे कलू नये म्हणून डाव्या बाजूचे स्नायू आवळतात. त्यांची तरफ आखूड, म्हणून जोर मोठा लावावा लागतो, आणि तो जोर सांध्यालाच सोसावा लागतो. काठी उजव्या हातात असेल तर जिकडे शरीर कलतंय तिकडूनच आधार मिळतो. हात पायापासून लांब, म्हणजे तरफ लांब, म्हणून हाताचा थोडा दाबही पुरतो. डाव्या हातात काठी दुखऱ्या पायाला अगदी चिकटून राहते, तरफ उरतच नाही, आणि शरीर उलट त्याच पायावर झुकतं. काल मी तेच पाहिलं. काठी आणि डावा पाय एकदम पुढे पडू द्या, मग उजवा पाय. तुम्हाला नुसतं "काठी वापरा" सांगून घरी पाठवलं, कोणत्या हातात ते सांगितलंच नाही, याचा मला खरंच राग आलाय.

तुमच्या गुडघ्यात सेन्सर आहे का, असं आईने विचारलं होतं. नाही. तिने ज्याची बातमी वाचली तो बहुतेक पर्सोना आयक्यू नावाचा सेन्सरवाला गुडघा, २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला. तो पावलं, चालण्याचा वेग, गुडघा किती हलतो हे नोंदवतो, भार मोजत नाही. ऑपरेशन चालू असताना गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूवरचा दाब दाखवणारी सेन्सरची चकतीही असते, पण ती तात्पुरती. दाब पाहून झाला की ती काढून कायमची चकती बसवतात. आईला सांगा, सेन्सर नाही म्हणून तुमचा गुडघा कमी प्रतीचा ठरत नाही.

काठीची उंचीही बघा. सरळ उभं राहून हात मोकळा सोडला की मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. कालची मला उंच वाटली, तुमचा खांदा वर गेला होता. खालची बटणं दाबून एक-दोन भोकं कमी करा.

बुधवारी कॉल करते. आईला म्हणावं फोन समोरून धर, मला दोन्ही हात दिसायला हवेत.

तुमची,
मनू