तीन स्टार म्हणजे नापास नाही हो

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की समीक्षेत अल्बमचं एवढं कौतुक आणि खाली स्टार बघावे तर पाचपैकी तीनच, आवडला की नाही ते एकदाचं ठरवा. मीही अधूनमधून अल्बमवर लिहिते आणि असले मेसेज मलाही येतात, म्हणून म्हटलं त्या समीक्षकाची बाजू जरा मांडावी. (त्यांची निम्मी मतं मला पटत नाहीत, पण त्या तीन स्टारबद्दल ते बरोबर आहेत.)

घोळ शाळेच्या मार्कांचा आहे. पाचपैकी तीन, म्हणजे दहापैकी सहा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जेमतेम पास झालेला पोरगा येतो. आता ऐकायला बऱ्या असलेल्या प्रत्येक अल्बमला चार स्टार वाटत सुटलं तर चांगला, खूप चांगला आणि दहा वर्षांत एखादाच निघतो तसला, या तिघांना मिळून वर एक स्टार उरतो! मग तिथे अर्ध्या-पाव स्टारांची मारामारी सुरू होते आणि खालचे दोन स्टार वर्षभर कुणाला मिळतच नाहीत. तीन म्हणजे चांगला आहे, ऐका, पण सगळं काम सोडून ऐकायला बसू नका, एवढाच अर्थ.

काहीजण म्हणतात सोपं आहे की, प्रत्येक गाण्याला मार्क द्या आणि सरासरी काढा. काढून बघा. दहा गाणी, त्यातली चार ९ ची, चार ७ ची आणि दोन अगदीच टाकाऊ, ३ ची, सरासरी आली ७. आता दुसरा अल्बम घ्या ज्यात दहाच्या दहा गाणी ७ ची, कुठे ठेच नाही कुठे उडी नाही, त्याचीही सरासरी ७ च. पण पहिल्यातली चार गाणी तुम्ही वर्षभर लावाल आणि दुसरा पुढच्या महिन्यात विसरून जाल, मग दोघांना सारखाच आकडा कसा द्यायचा? शिवाय ती दोन फिलर, म्हणजे नुसती जागा भरायला घातलेली गाणी कुठे बसलीयेत त्यावरही बरंच असतं. शेवटी असली तर ऐकणारा आधीच उठून जातो, काही बिघडत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला असली तर पुढचं सगळं ऐकायचा मूडच जातो.

मी काय करते सांगते. पहिल्यांदा हेडफोन लावून सलग ऐकायचं, गाण्याचे शब्द समोर न घेता, आणि कोणी काय लिहिलंय तेही न वाचता. जिथे हात आपोआप स्किपकडे जातो तिथली मिनिटं-सेकंद वहीत टिपून ठेवायची. मग दोन दिवस सोडून फोनच्या साध्या स्पीकरवर, काम करता करता. परत त्याच जागी हात गेला तर तो माझा कंटाळा नाही, तिथे गाण्यातच काहीतरी लांबलंय, बहुतेक वेळा शेवटचा कोरस एकदा जास्त घेतलेला असतो. आणि आकडा सगळ्यात शेवटी, लेख लिहून झाल्यावर. तोही हवेतून येत नाही, जुन्या यादीत ज्यांना साडेतीन दिलेत ते काढायचे आणि स्वतःला विचारायचं की आत्ता यातला कुठला लावशील, हा की तो. हा वाटला तर चारच्या यादीशी तुलना, नाहीतर तीनच्या. खरं रेटिंग एवढंच असतं, बाकीचं सगळं नंतर दिलेलं स्पष्टीकरण.

म्हणूनच एकाचे तीन आणि दुसऱ्याचे तीन एक नसतात. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाव १९६९ पासून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकात अक्षरांत ग्रेड द्यायचे, पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साइटवाले दहापैकी दशांशात देतात, आणि मेटाक्रिटिकसारखी साइट या सगळ्यांना शंभरच्या मापात कोंबून सरासरी काढते. तिथे पाचपैकी तीन स्टारचे होतात ६०, आणि संगीतात हिरवा रंग, म्हणजे अनुकूल मत, सुरू होतो ६१ पासून, म्हणजे चांगला म्हणून दिलेले तीन स्टार पिवळ्यात, संमिश्र मत! तेवढंच आवडून कोणी बी मायनस दिला तर त्याचे होतात ६७, तो हिरवा. आणि जे आकडाच देत नाहीत त्यांचा लेख वाचून तिथली माणसं अंदाजाने आकडा लावतात. हे कळल्यापासून मी ती सरासरी बघायची सोडली.

आकडा कायमचा असतो असंही नाही. पिचफोर्कनेच २०२१ मध्ये आपले १९ जुने स्कोअर बदलून छापले, अमेरिकन गायिका लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला दिलेलं शून्य थेट सहावर गेलं आणि डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या डिस्कव्हरी अल्बमचे ६.४ चे १० झाले. लोकांनी खूप चेष्टा केली पण मला ते आवडलं. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, काही तर न सांगता मध्यरात्री टाकून देतात, आणि समीक्षा सोमवारपर्यंत हवी असते, आता दोन दिवसांत कोणता अल्बम मुरतो? त्या घाईत दिलेल्या दशांशावर लोक मात्र वर्षानुवर्षं भांडतात.

तर स्टार बंद करा असं मी म्हणत नाहीये, मलाही आधी खाली नजर टाकायची सवय आहेच. पण समीक्षेखाली दोन ओळी द्या की, तुमच्याकडे तीन म्हणजे काय आणि त्याच कलाकाराच्या आधीच्या अल्बमला याच समीक्षकाने किती दिले होते. जागा नसेल तर कव्हरचा फोटो थोडा लहान करा, तो एवीतेवी सगळ्यांनी फोनवर बघितलेलाच असतो.

आपली,
एक नियमित वाचक