कोरा चहा, 92 ठोके आणि पूर्ण बिल

प्रति,
व्यवस्थापक, तपासणी केंद्र, पुणे

विषय: सीटी कोरोनरी अँजिओग्राफी निरुपयोगी झाल्याबाबत

महोदय,

गेल्या मंगळवारी माझ्या वडिलांची (वय 67) सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांचे स्कॅन, आपल्याकडे झाली. कोथरूडहून रिक्षाने पावणेसातलाच दारात हजर होतो. 9,500 रुपये आधीच भरून घेतलेत. रिपोर्टमध्ये मात्र उजव्या कोरोनरी धमनीपुढे लिहिले आहे: हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट, निष्कर्ष काढता येत नाही.

आदल्या दिवशी फोनवर मी मुद्दाम विचारले होते, चहा चालेल का? "बिनदुधाचा कोरा घ्या, चालेल." दुधाचा काय संबंध? कॅफिनने हृदयाचे ठोके वाढतात म्हणून चहा-कॉफी बंद ठेवायची असते, हे नंतर आमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून कळले. वडील पक्के चहाबाज. परवानगी मिळाल्यावर दोन कप झाले.

रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत ठोके मिनिटाला 92 छापले आहेत. म्हणजे आपल्याला माहीत होते. दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर स्थिरावते, तेवढ्यात चित्र टिपायचे असते. ठोके वाढले की ती उसंतच उरत नाही. म्हणून ते साठ-पासष्टपर्यंत उतरवायला आधी मेटोप्रोलॉलची गोळी देऊन तासभर बसवतात. दमा किंवा कमी बीपी असेल तर ही गोळी टाळतात; वडिलांना दोन्ही नाही. गोळी का दिली नाही, असे विचारल्यावर तंत्रज्ञ म्हणाले, "बाहेर नऊ पेशंट थांबलेत." शीर पहिल्याच टोचणीत शोधणाऱ्या सिस्टरांचे मात्र आभार.

आता काउंटरवर सांगतात, पुन्हा करा, पुन्हा पूर्ण पैसे भरा. पैशांचे एकवेळ सोडा. रेडिएशन पुन्हा, धमन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात तो डाय पुन्हा. या डायचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे वडिलांचे क्रिएटिनिन आधीच थोडे जास्त, 1.4 आहे.

डाय न देता काढलेला कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे मोजमाप) नीट आला आहे. त्याचे पैसे खुशाल कापा. उरलेली रक्कम परत करा, किंवा आमच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यास ठोके उतरवून तपासणी विनामूल्य करून द्या. शिवाय दोन फिल्मवर बोळवण केलीत, त्याऐवजी सगळ्या प्रतिमांची सीडी द्या. डॉक्टरांना तीच हवी आहे. आणि फोनवरच्या मंडळींना कोऱ्या चहाचे एकदा समजावून सांगा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
रुग्णाची मुलगी, कोथरूड

सोबत: बिल, रिपोर्ट आणि क्रिएटिनिन तपासणीची प्रत