टेलवाल्याला सामोपचार शिकवू नका

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कालचा पाणीतंट्यावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातनं गेला नाही म्हणून लिहितोय. म्हणे शेतकऱ्यांनी सामोपचारानं घ्यावं. लिहिणाऱ्यानं कधी रात्री दोन वाजता दारं धरलंय का, म्हणजे रानात उभं राहून पिकाला पाणी दिलंय का?

माझं रान चारीच्या, म्हणजे कालव्यातनं रानाकडं येणाऱ्या पाटाच्या, अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. गेल्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं तेव्हा, माझी पाळी रात्री दोन ते सहा. तीन वाजले तरी चारी कोरडी, बॅटरी घेऊन वर चालत गेलो तर चारीत गोणपाटं अन् माती टाकून बांध घातलेला आणि पाणी सगळं चुलतभावाच्या रानात. तो म्हणाला, मला उशिरा मिळालं, मी माझे तास पुरे करणार. आणि खरं सांगतो, त्याचंही खोटं नव्हतं, वरच्यानं त्याचा तास खाल्लाच होता. मला पाणी आलं पावणेपाचला, सहाला गेट बंद. अर्धं रान वाळलं. तेव्हापासून आम्ही दोघं बोलत नाही. यात कुणी कुणाशी सामोपचार करायचा?

चारी भरत पाणी टेलला पोचेपर्यंत जो वेळ जातो तो कुणाच्या खात्यावर, हे आमच्याकडे कुठंच लिहिलेलं नाही, सगळी भांडणं तिथनं सुरू होतात. पंजाब-हरियाणात वारबंदीत, म्हणजे पाण्याच्या पाळ्या बांधून देण्याच्या पद्धतीत, आठवड्याचे १६८ तास जमिनीच्या प्रमाणात वाटतात, चारी भरायला 'भराई' म्हणून जादा वेळ धरतात आणि टेलवाल्याला शेवटी चारीत उरलेलं पाणी मिळतं म्हणून त्याचा वेळ 'झराई' म्हणून कापतात. माझाही कापा की, पण कागदावर लिहून कापा, एक शब्द बोलणार नाही.

आणि तक्रार ऐकायला माणूस पाहिजे तो पाणी चालू असताना पाहिजे. स्पेनमधल्या वॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच बसतात, तोंडी ऐकतात, तिथंच निकाल देतात. युनेस्कोनं २००९ साली त्याची दखल घेतली. मी अर्ज दिला तर आवर्तन संपलं तरी कुणी चारीवर फिरकलं नाही.

अजून एक. आवर्तनाची तारीख तुम्ही आतल्या पानावर बारीक अक्षरात छापता, तीही बऱ्याचदा पाणी सुटल्यावर. निदान ती तरी दोन दिवस आधी छापा.

– टेलचा एक शेतकरी