वसईच्या आजी, तुमची वाटी आमच्याकडे आहे

आजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. २५ डिसेंबरची रात्र, नंदाखालहून भुईगावकडे जाताना बावखलाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या तळ्याच्या, कडेला तुमचं घर, दारात कागदी चांदणी, ओट्यावर पेंढ्याचा छोटा गोठा आणि लाल लुगड्यातल्या तुम्ही. एवढ्याच खुणा आहेत माझ्याकडे. वसईतलं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे.

आम्ही ठाण्याहून नाताळचे गोठे बघायला आलो होतो. आमच्या लेकीसाठी नाताळ म्हणजे आजवर मॉलमधला सांताक्लॉज. इथे वाडीवाडीत पोरांनी रात्री जागून उभारलेले देखावे, मराठीतली नाताळची गाणी आणि गवतावर निजलेला बाळ येशू. ती नुसती या गोठ्यावरून त्या गोठ्यावर धावत होती. त्या धावण्यातच साखर उतरली. तिला टाइप वन डायबिटीस आहे, वय ११. ग्लुकोजची पिशवी गाडीत आणि गाडी लांब. तुमच्या ओट्यावर ती मटकन बसली तेव्हा थंडीतही तिच्या कपाळावर घाम होता. मीटरवर आकडा ५२.

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "साखर उतरली ना? आमच्या ह्यांची पण अशीच उतरते." आणि साखरेचं पाणी घेऊन आलात. घोट घोट पाजलंत. पुन्हा तपासलं तेव्हा ९४ होती. तोवर तिचा हात तुमच्याच हातात होता.

साखरेचं पाणी कुणीही दिलं असतं, असं मला म्हणता येत नाही आजी. मागच्या वर्षी एका मॉलच्या नाताळ कार्यक्रमात दारावरच आमच्या पिशवीतला ज्यूस काढून घेतला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. कितीदा सांगितलं की हे औषधासारखं आहे, तर "मॅडम, रूल आहे." आत केक वाटताना कार्यक्रमाच्याच एका बाईंनी तिच्यापुढची बशी उचलली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिला नको, आजारी आहे ना ती." घरची माणसंही वेगळी नाहीत. लग्नकार्यात ताट तिच्यासमोर यायच्या आधीच जिलबी वगळलेली असते. तिला कुणी विचारतच नाही.

तुम्ही विचारलंत.

नातवंडांना नाताळच्या फराळातले कुलकुल वाटत होतात. काट्याच्या चमच्यावर वळलेले, वर साखरेचा पांढरा पाक. तिच्यापाशी आलात, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटी पुढे करून तिलाच म्हणालात, "बाय, तुला किती चालतील? तूच सांग." तिनं मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, "चार." तुम्ही एक, दोन, तीन, चार असे मोजून तिच्या तळहातावर ठेवलेत. "बिचारी" नाही, "एखादा जास्त घे, काही होत नाही" असंही नाही. पुढे सरकलात आणि शेजारच्या मुलाला विचारलंत, "आणि तुला रे?"

त्या "आणि तुला रे"पाशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी लेक पंगतीतली एक होती, बाकीच्यांसारखीच. घरात आजार पाहिलेलं माणूस कितीतरी वेळा उगाच शहाणपण शिकवतं. तुम्ही मात्र तिचा हिशेब तिच्यावर सोपवलात. असा चांगुलपणा मनात मुरलेला असावा लागतो, तो ऐनवेळी आणता येत नाही. मला तो अजून शिकायचाय, कारण तिच्या वतीनं "नको" म्हणण्यात मीही कमी नाही.

निघताना तुम्ही वाटीत आणखी कुलकुल घालून दिलेत. ती स्टीलची वाटी आमच्याबरोबर ठाण्याला आलीय. रिकामी परत करायची नाही, ही आमच्या आईची शिकवण. संक्रांतीच्या रविवारी तिळाचे लाडू घालून घेऊन येतो. आजोबांना किती चालतील ते त्यांनाच विचारून ठेवा, असं लेकीनं खास लिहायला सांगितलंय.

तुमची,
चार कुलकुलवालीची आई