ठगाचं ऐकून घेणारा साहेब

पुणे

प्रिय मुकुंदा,

सप्रेम नमस्कार.

डिकन्स झाला, हार्डी झाला, आता व्हिक्टोरियन मंडळींपैकी कुणाला हात घालू, असं तू विचारलंयस. मी मेडोज टेलर सुचवतो. नाक मुरडू नकोस. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात त्याला जेमतेम ओळ-दोन ओळी मिळतात, हे मान्य. पण तुझं आजोळ तुळजापूरचं आणि या बाबाने तुळजापुरात घडणारी तीन खंडांची कादंबरी लिहिलीय. एवढ्यावर तरी तू त्याला घरात घ्यायला हरकत नाही.

जन्म लिव्हरपूलचा, १८०८ चा. वडिलांचा व्यापार बुडाला, शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी पोराला मुंबईच्या जहाजावर चढवलं. इथल्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायची, पुढेमागे भागीदारी मिळेल, असा वायदा होता. येऊन बघतो तर त्या व्यापाऱ्याचंच दिवाळं निघायच्या बेतात. मग एका नातेवाइकाच्या वशिल्याने १८२४ मध्ये तो निजामाच्या फौजेत लागला. म्हणजे कंपनी सरकारचा गोरा अधिकारी नव्हे, निजामाचा नोकर! कंपनीच्या साहेबलोकांत त्यामुळे तो जरा खालच्या पायरीवरच राहिला. माझ्या मते त्याच्यातला लेखक याच पायरीवर घडला. वरिष्ठांच्या मेजवान्यांपेक्षा त्याचा वेळ चावडीवर, छावणीत, बाजारात जास्त गेला. हिंदुस्थानी तो सफाईने बोले, मराठीही शिकला. लग्न केलं ते हैदराबादच्या पामर सावकारांच्या घरात. तिथे इंग्रज आणि मोगलाई रक्त केव्हाच मिसळलं होतं.

विशी ओलांडायच्या आत तो निजामाच्या नैऋत्य भागात पोलिसांचा सहायक अधिकारी झाला. वाटेवर पुरलेली प्रेतं सापडायची, मारेकऱ्यांचा पत्ता लागायचा नाही. तो खणत होता, पण पलटणीत परत बोलावणं आलं आणि काम अर्ध्यावर राहिलं. पुढे ठगांचं, म्हणजे वाटसरूंचे रुमालाने गळे आवळून लुटणाऱ्या टोळ्यांचं, जाळं उघडं पाडल्याचं श्रेय कंपनीच्या स्लीमन या अधिकाऱ्याला गेलं. ही रुखरुख त्याने म्हातारपणी आत्मचरित्रातही लपवलेली नाही. पण नंतर माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या लिहून घ्यायचं काम त्याच्या वाट्याला आलं. दिवसच्या दिवस बसून त्याने खुनांच्या हकिकती ऐकल्या.

त्यातून आली १८३९ ची ती कादंबरी, एका ठगाचा कबुलीजबाब. अमीर अली तुरुंगात बसून साहेबाला सगळं सांगतो : लहानपणी आईबाप मारले गेले, मारणाऱ्यानेच पोटच्या पोरासारखं वाढवलं, पहिला रुमाल कसा टाकला, आणि पुढे नकळत सख्ख्या बहिणीचाच गळा कसा आवळला. प्रास्ताविकात टेलर सांगतो की, हा माणूस सातशे एकोणीस खुनांचा धनी होता, आणि मध्ये बारा वर्षं कैदेत गेली नसती तर हजार भरले असते, अशी त्याची हळहळ होती. साहेब ऐकतो, मध्येच एखादा प्रश्न विचारतो, पण उपदेशाचा डोस फारसा पाजत नाही. त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत हे दुर्मिळ. वाचता वाचता आपण खुन्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो आणि मग स्वतःचीच शरम वाटते. व्हिक्टोरिया राणी तेव्हा नुकतीच गादीवर आलेली. तिला दम निघेना म्हणून छापखान्यातून निघतील तशी पानं तिच्याकडे जात होती म्हणे.

आता कुरकुरही ऐक. ठग म्हणजे देशभर पसरलेला, देवीच्या आज्ञेने गळे आवळणारा एकच पंथ, हे चित्र टेलर आणि स्लीमन यांनी इतकं ठसवलं की आजही ते पुसत नाही. अलीकडच्या इतिहासकारांना ते सरकारी कागदांनी फुगवलेलं वाटतं. कबुली देणारा आपली मान सोडवायला बोलत होता, हे विसरून चालणार नाही. टेलरला ते कळत होतं का? मला वाटतं, अर्धंमुर्धं.

तुळजापूरची कादंबरी, ‘तारा’, १८६३ ची. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात ते गुंजीकरांचं ‘मोचनगड’ १८७१ चं. म्हणजे शिवाजीमहाराजांचा काळ कादंबरीत आणण्यात हा साहेब गुंजीकरांच्या आधी पोचला. तारा ही शास्त्र्याची मुलगी, बालविधवा. फाजील हा अफझलखानाचा मुलगा. मध्ये भवानीचं देऊळ आणि खानाची स्वारी. प्रेमकथा फार गोड आणि लांबलचक आहे, कंटाळलास तर पानं उलट. पण देवळाचा परिसर, मुरळ्या, घरातलं बोलणंचालणं, हे पाहणाऱ्याने लिहिलंय. १८५३ पासून तो जिल्ह्याचा कारभारी म्हणून नळदुर्गलाच राहत होता. ‘तारा’चा काळ त्याने १६५७ धरलाय; पुढे १७५७ आणि १८५७ वर आणखी दोन कादंबऱ्या लिहून त्याने शंभर-शंभर वर्षांची तिकडी पुरी केली.

मला मात्र सगळ्यात जास्त गुंतवलं ते त्याच्या मुलीने संपादित केलेल्या, १८७७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्राने. त्यातलं शोरापूर वाच, आजचं कर्नाटकातलं सुरपूर. १८४० च्या दशकात तो तिथे बेडर जमातीच्या संस्थानाचा कारभार बघायला गेला, अल्पवयीन राजा वेंकटप्पा नायकाला त्यानेच वाढवलं. पोरगा त्याला ‘अप्पा’ म्हणायचा. पत्रिकेत म्हणे चोविसाव्या वर्षाच्या आत मरण होतं. १८५८ मध्ये राजाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि पकडला गेला. टेलर कैदेत भेटायला गेला तेव्हा राजाने जीव मागितला नाही. चोरासारखं फासावर देऊ नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच म्हणाला. फाशीची शिक्षा कमी झाली, पण कैदेत नेत असताना राजाने बरोबरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने स्वतःला संपवलं. टेलर इंग्रज सत्तेच्या बाजूचा, यात शंका नको. तरी या प्रकरणात तो कारभारी राहत नाही, बाप होतो, आणि आपण केलं ते बरोबर होतं का, हे त्याला धड सांगता येत नाही. अमीर अलीची गोष्ट लिहिताना तो असा अडखळला नव्हता.

तेव्हा आधी ठग, मग आत्मचरित्र, आणि तुळजापूर सुट्टीत. ठगाची प्रत माझ्याकडे आहे, पुढच्या आठवड्यात कुरिअरने पाठवतो. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्यांच्याशी भांडायचं असेल तर समासातच भांड. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर