ठकीची खोली : इंदूरच्या एका हॉटेलातील ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता आणि आमची कुत्री ठकी असे तिघे पाच रात्री आपल्या हॉटेलात उतरलो होतो. निघताना मी आभाराचे पत्र लिहीन म्हणालो, तेव्हा आपण हसून बजावलेत, "लिहा, पण नाव घालू नका. तळमजल्यावर अशा दोनच खोल्या आहेत. उद्या चाळीस जण कुत्री-मांजरं घेऊन दारात आले तर मी त्यांना ठेवू कुठे?" म्हणून या पत्रात आपले नाव नाही आणि हॉटेलचेही नाही. आपण वाचाल तेव्हा ओळखालच. खोलीचे दार किंचित उघडे ठेवून, बाहेर खुर्ची टाकून, टॉवेलांच्या घड्या घालता घालता एका म्हाताऱ्या कुत्रीशी बोलत बसलेल्या हाउसकीपिंगच्या प्रमुख त्या आठवड्यात इंदुरात दुसऱ्या कोणी असतील असे मला वाटत नाही.

ठकी मूळची इंदूरच्या रामबागेची. अकरा वर्षांपूर्वी भर पावसात आमच्या अंगणात येऊन बसलेले हे पिल्लू आईने उचलून घरात घेतले. आई गेल्यावर ती आमच्याबरोबर पुण्याला आली. आता ते घरही विकले गेले आणि रजिस्ट्रीसाठी आम्हां भावंडांना इंदुरात चार-पाच दिवस राहणे भाग होते. पुतण्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, त्यातून त्याच्या पत्नीला दम्याचा त्रास. ठकीला पुण्यात कोणाकडे ठेवावे तर ती परक्या घरी दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. ज्या गावात जन्मलो, वाढलो, त्याच गावात हॉटेल शोधत बसायचे, याचे वाईट वाटत होतेच. त्यात कुत्रीसह शोधायचे म्हणजे मनात धास्तीही होती.

धास्तीला कारण होते. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरात, पाळीव प्राण्यांना परवानगी असल्याचे नीट वाचून, आगाऊ पैसे भरून आम्ही रात्री अकराला पोहोचलो होतो. काउंटरवरील गृहस्थांनी वाकून ठकीकडे पाहिले आणि ते म्हणाले, "हमें लगा, छोटा वाला होगा." मग जात विचारली. देशी आहे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी अजून विसरलेलो नाही. शेवटी दहा किलोच्या वरचे कुत्रे चालत नाही, असा एक नियम निघाला, जो आरक्षणाच्या वेळी कुठेही लिहिलेला नव्हता. ती रात्र आम्ही तिघांनी मोटारीत काढली. नियम असण्याबद्दल माझी तक्रार नाही. वजनाची मर्यादा, ठेव, सफाईचे जादा पैसे, प्राण्याला खोलीत एकटे न सोडणे, या अटी बहुतेक ठिकाणी असतात आणि त्या रास्तही आहेत. तक्रार एवढीच आहे की 'परवानगी आहे' या दोन शब्दांमागे कोणी विचार केलेला आहे की नाही, हे दारात पोहोचेपर्यंत कळत नाही.

आपला फोन आला तो आरक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी. आपण हिंदीत बोलत होतात. वजन किती? बावीस किलो. रेबीजची लस शेवटची कधी दिली? तिचे प्रमाणपत्र पाठवाल का? गोचिडांचे औषध चालू आहे का? इथपर्यंत मला अपेक्षित होते. पुढे मात्र आपण विचारलेत की ती गुळगुळीत फरशीवर घसरते का, लिफ्टला घाबरते का, झोपताना पलंगावर चढते की स्वतःच्या अंथरुणावर झोपते, आणि कोणत्या आवाजाने बिथरते. तेवढ्यात ठकी दारावरच्या कुणावर तरी भुंकली, मी तिला "गप बस गं" म्हणालो, आणि तिकडून आपण एकदम मराठीत म्हणालात, "अरे वा, म्हणजे तिला मराठीच समजतं! मग काही गोष्ट नाही, आम्ही करून घेऊ." ते 'काही गोष्ट नाही' ऐकले आणि मी मनाने रामबागेत पोहोचलो, पुण्यात असे बोललो तर लोक कोणती गोष्ट म्हणून विचारतात.

नंतर सुरक्षारक्षकाच्या टेबलावर मला एक कागद दिसला. तसाच कागद रूम सर्व्हिसकडे आणि लॉन्ड्रीतही लावलेला होता. आपल्या अक्षरात त्यावर लिहिले होते : "खोली क्र. ३. ठकी, वय ११. मागचे पाय दुखतात. 'बस' म्हटले की बसते. डोक्यावरून हात फिरवू नये, हनुवटीखालून चालते. 'बाहेर' हा शब्द तिच्यासमोर उगाच उच्चारू नये." फोनवर सहज बोलून गेलेली गोष्ट कोणीतरी लिहून घेतली होती आणि ती सहा माणसांपर्यंत पोहोचवली होती, हे पाहून माझी पत्नी तिथेच थांबून तो कागद दोनदा वाचत राहिली.

खोलीत शिरताच पायाखाली जुन्या सतरंज्या लागल्या. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, खाली रबराची जाळी घालून, एक वाटच आखलेली होती. सांधे धरलेल्या कुत्र्याचे मागचे पाय विट्रिफाइड टाइल्सवर फाकतात, उठताना त्याला आधार सापडत नाही, आणि एकदा घसरले की ते त्या खोलीत चालायलाच भिते. आमच्या पुण्याच्या घरी ही गोष्ट लक्षात यायला आम्हांला आठ महिने लागले होते. ठकीने दारात उभे राहून सतरंजी हुंगली, एक पाऊल टाकून पाहिले आणि सरळ चालत जाऊन पलंगाच्या कडेला अंग टाकले. प्रवासातला तिचा श्वास तेव्हा कुठे खाली बसला.

जेवणाचा प्रश्न मला अवघड वाटत होता, कारण आपले स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी आणि ठकीला रोज अंडे लागते. आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत की अंडे आत येणार नाही. मऊ भात, पनीर आणि बिनमिठाची उकडलेली लाल भोपळ्याची फोड मिळेल, आणि तेही खोलीतच. भोजनगृहात तिला नेता येणार नाही, हेही आधीच सांगितलेत. अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ सालच्या नियमांतच खाद्यपदार्थांच्या जागी पाळीव प्राण्यांना येऊ देऊ नये असे म्हटले आहे, हे अनेक श्वानप्रेमींना ठाऊक नसते आणि ते वेटरशी हुज्जत घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एका तरुण वेटरने प्रेमाने आपल्या बशीतले पोहे तिच्यापुढे धरले, तेव्हा लॉन्ड्रीतील मावशी दुरूनच ओरडल्या, "कांदा, कांदा!" कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटतात, कच्चा असो वा शिजवलेला, तो त्यांना घातकच. मला आमची आजी आठवली. चंपाषष्ठीला खंडोबाच्या कुत्र्याचा मान म्हणून ती गल्लीतल्या कुत्र्यांना भरीत-रोडगा घालत असे, आणि होळकरांच्या कुलदैवताचा तो नैवेद्य त्यांच्या राजधानीत कोण नाकारणार? त्या भरितात कांदा असे. आजीला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

आता त्या खुर्चीविषयी. रजिस्ट्रीच्या दिवशी आम्हां दोघांनाही सह्यांसाठी जावे लागणार होते आणि ठकीला एकटे ठेवण्याची आपल्याकडे मनाई होती. ती मनाई योग्यच आहे. परक्या खोलीत एकटे पडलेले कुत्रे भुंकते, दार ओरबाडते, आणि सफाईला आलेल्या माणसाने किल्लीने दार उघडले तर घाबरून चावूही शकते. मी नियमातून सूट मागायला आलो होतो. आपण सूट दिली नाहीत. "नियम म्हणजे ती एकटी राहायला नको. मग एकटी नाही ठेवायची," एवढे म्हणून आपण धुतलेल्या टॉवेलांची ट्रॉली खोली क्रमांक तीनसमोर आणायला सांगितलीत. रजिस्ट्रीला साडेतीन तास लागले, कारण मधेच सर्व्हर बंद पडला होता. आम्ही धावतपळत परतलो तेव्हा दाराला साखळी अडकवलेली होती, फटीतून ठकीचे नाक बाहेर आले होते, आणि आपण खुर्चीवर बसून, घडी घातलेले टॉवेल एकावर एक रचत, तिला सांगत होतात, "आता येतील हं. सरकारी काम आहे, वेळ लागतो."

तिसऱ्या रात्री घडलेल्या प्रकाराचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समोरच्या मंगल कार्यालयात वरात येणार म्हणून आपण आमची खोली पुढच्या बाजूची बदलून मागची दिली होतीत. तरीही फटाक्यांची माळ लागली आणि ठकीने पलंगाजवळच्या गालिच्यावर लघवी केली. शरमेने मी बाहेरून फिनाइलची बाटली घेऊन आलो. आपण ती माझ्या हातातून काढून घेतलीत. कुत्री पंजे चाटते, फिनाइल तिच्या पोटात जाईल. आणि अमोनियाच्या वासाचे काही वापरले तर तिला ती जागा पुन्हा आपलीच वाटेल, असे समजावून आपण कोरडे टॉवेल दाबून ओल टिपायला लावलीत, मग गार पाणी, आणि शेवटी एन्झाइमचे द्रावण, जे लघवीतले युरिक आम्ल फोडते आणि वासाचे मूळच काढते. घासायचे नाही, दाबायचे, हे दोनदा सांगितलेत. गालिच्याच्या धुलाईचे साडेतीनशे रुपये आपण ठेवीतून कापलेत आणि पावती दिलीत. खरे सांगतो, मला ते फार बरे वाटले. "राहू द्या हो" म्हणाला असतात तर आम्ही उपकृत झालो असतो आणि पुढच्या खेपेला संकोचाने दुसरीकडे गेलो असतो.

सकाळच्या फेरीसाठी आपण जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या देत होतात आणि कोणत्या गल्लीत भटक्या कुत्र्यांचा कळप असतो तेही सांगत होतात. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षे पहिल्या आलेल्या गावात कुत्र्याची घाण उचलण्यासाठी मला कोणी सांगण्याची गरज नव्हती, पण पिशवी हाती असली की सबबही राहत नाही. नाश्त्याच्या वेळी लॉबीतून तिला नेऊ नये, ही आपली विनंती आम्ही पाळली. वरच्या मजल्यावरच्या एका लहान मुलीला कुत्र्यांची भीती वाटत होती, आणि "त्यांनीही पैसे भरलेत," हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

शेवटच्या सकाळी माझ्या पत्नीने आपल्याला विचारले की आपल्या घरी किती कुत्री आहेत. आपण म्हणालात, "एकही नाही. मला फार भीती वाटते त्यांची. लहानपणी छत्रीबागेत चावलं होतं, चौदा इंजेक्शनं पोटात घेतली. म्हणून तर मी सगळं आधी विचारून घेते." आम्ही दोघेही क्षणभर निरुत्तर झालो. दाराची साखळी का अडकवलेली होती, 'हनुवटीखालून चालते' हे कागदावर इतक्या ठळक अक्षरात का लिहिले होते, आणि साडेतीन तास त्या फटीसमोर बसणे म्हणजे आपल्यासाठी काय होते, हे तेव्हा उमगले. निघताना आपण ठकीच्या हनुवटीखाली दोन बोटे टेकवलीत, तीही चटकन मागे घेतलीत. ती दोन बोटे माझ्या लेखी त्या मुक्कामातली सर्वांत मोठी मेहमाननवाजी होती, आणि हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

नामांतरणाच्या कागदांसाठी चैत्रात पुन्हा दोन दिवस यावे लागेल. खोली क्रमांक तीन मोकळी असल्यास आमच्यासाठी ठेवावी, ही विनंती. ठकीचे वजन आता एकवीस किलो आहे; रेबीजच्या लसीची मुदत मार्चअखेर संपते, ती घेऊन नवे प्रमाणपत्र आपल्याला आधी पाठवतो. अंडे आणणार नाही. सतरंज्या मात्र तशाच घालाव्यात.

आपला नम्र,
ठकीचा पालक
मूळ रामबाग, इंदूर, सध्या पुणे